समाजसेवक व्हायला ट्रेनिंग लागतं का? डिलाईल रोडला ज्यांचं नाव आहे, त्या ना. म. जोशींची गोष्ट

मुंबईत लोअर परळ स्टेशनबाहेर पडलं की ना. म. जोशी मार्ग लागतो. जुने गिरणगावकर अजूनही त्याला डिलाईल रोडच म्हणतात. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाच्या बातम्यांमुळे हे नाव अधूनमधून सगळ्यांच्या कानावर पडत असतं. पण हे ना. म. जोशी नेमके कोण, असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर कामगार पुढारी या दोन शब्दांवर थांबतं.

ते कामगार पुढारी होतेच. पण त्यांची दुसरी ओळख आज जास्त कामाची आहे. समाजसेवा मनात आलं म्हणून करायची गोष्ट नसून ती शिकावी लागते, हे भारतात फार लवकर ओळखणाऱ्यांपैकी ते एक. आधी ते स्वतः शिकले आणि मग त्यांच्या संस्थेने इतरांना शिकवायला घेतलं.

हा विषय जुना वाटेल, पण नाहीये. बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्यासारख्या गावात बारावी झालेल्या मुलीने समाजकार्याची पदवी घ्यायचीय असं घरी सांगितलं, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो. लोकांची सेवा करायला डिग्री कशाला पाहिजे? मन मोठं असलं की झालं!

ना. म. जोशींचं आयुष्य म्हणजे या प्रश्नाचं सविस्तर उत्तर आहे.

गोरेगावचा मुलगा, पेशाने मास्तर

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ चा. गाव गोरेगाव, पण मुंबईचं उपनगर नव्हे. तेव्हाच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यात जे गोरेगाव आहे, ते.

शिक्षण पुण्यात झालं. न्यू इंग्लिश स्कूल आणि नंतर डेक्कन कॉलेज. १९०१ मध्ये ते बी. ए. झाले. त्या काळात बी. ए. झालेल्या तरुणाला सरकारी नोकरी किंवा वकिली हे दोन रस्ते मोकळे असायचे. जोशींनी मास्तरकी धरली. सात-आठ वर्षं त्यांनी वेगवेगळ्या शाळांमध्ये शिकवलं.

तिशीला आल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि पुन्हा विद्यार्थी झाले. १९०९ मध्ये ते भारत सेवक समाजात, म्हणजेच सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीत दाखल झाले.

गोखल्यांचा पाच वर्षांचा कोर्स

ही संस्था गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात स्थापन केली होती. त्यामागचा विचार सरळ होता. वकील होण्यासाठी माणूस काही वर्षं अभ्यास करतो, डॉक्टर होण्यासाठीही करतो. मग देशाची सेवा करणारा माणूस काहीच न शिकता कसा चालेल? भाषण ठोकता येणं ही काही पात्रता नाही.

म्हणून सभासद व्हायचं तर पाच वर्षं उमेदवारी करावी लागायची. त्यातली तीन वर्षं संस्थेच्या घरात किंवा संस्थेने ठरवून दिलेल्या ठिकाणी अभ्यास करायचा आणि दोन वर्षं देश फिरायचा. या काळात उमेदवाराला परवानगीशिवाय जाहीर भाषण करता येत नसे, वर्तमानपत्रात लिहिता येत नसे, कुठली सार्वजनिक जबाबदारी घेता येत नसे. थोडक्यात, आधी बघा, वाचा, समजून घ्या आणि मगच तोंड उघडा.

१९१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून परतलेल्या गांधीजींना गोखल्यांनी जवळपास असाच सल्ला दिला होता. एक वर्ष देश फिरून बघा, लगेच मतं मांडू नका. गांधीजींनी तो पाळला.

अभ्यासाच्या जोडीला सात शपथा होत्या. देश सगळ्यात आधी. सेवा करताना स्वतःचा फायदा बघायचा नाही. जातधर्माचा भेद न करता सगळ्या भारतीयांना भाऊ मानायचं. संस्था जे मानधन देईल त्यातच स्वतःचं आणि घरच्यांचं भागवायचं, वरकमाई करायची नाही. खासगी आयुष्य स्वच्छ ठेवायचं. कुणाशी वैयक्तिक भांडण करायचं नाही. आणि संस्थेचं उद्दिष्ट कायम डोळ्यांसमोर ठेवायचं.

आजच्या भाषेत बोलायचं तर अभ्यासक्रम, फिल्डवर्क आणि व्यवसायाची आचारसंहिता या तिन्ही गोष्टी यात आल्या. ही पदवी नव्हती, पण समाजसेवकाच्या प्रशिक्षणाचा पक्का आराखडा होता. या मुशीतून पुढे ठक्कर बाप्पा आणि हृदयनाथ कुंझरू यांच्यासारखी माणसं घडली.

गिरणगावात मदतीआधी माहिती

जोशींचं कामाचं क्षेत्र ठरलं मुंबई. १९११ मध्ये तिथे सोशल सर्व्हिस लीग सुरू झाली. अध्यक्ष होते सर नारायण चंदावरकर आणि रोजचा गाडा ओढणारे सचिव होते जोशी. संस्थेत येऊन त्यांना तेव्हा दोनच वर्षं झाली होती. म्हणजे नियमातली पाच वर्षांची उमेदवारी पुरी व्हायच्या आतच ते गिरणगावात उतरले होते.

तेव्हाची गिरणी म्हणजे काय, ते बघा. १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुषांच्या कामावर बारा तासांची मर्यादा घातली आणि तीसुद्धा मोठी सुधारणा मानली गेली. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून आलेली माणसं चाळीतल्या एका खोलीत राहायची. अनेकांची बायकामुलं गावाकडे. नोकरी देणारा आणि काढणारा जॉबर. पगार उशिरा, म्हणून खानावळीची उधारी. उधारी फेडायला सावकाराचं कर्ज आणि कर्जाच्या व्याजात पुढचा पगार.

या माणसांसाठी काही करावं असं जोशींच्या आधीही लोकांना वाटलं होतं. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्येच गिरणी कामगारांची संघटना बांधली होती. १९०९ मध्ये सी. के. बोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांची कामगार हितवर्धक सभा सुरू झाली होती. लीगने त्यात भर घातली ती पद्धतीची. सामाजिक वस्तुस्थितीची माहिती गोळा करणं, तिचा अभ्यास करणं आणि त्यावर लोकमत तयार करणं, हे लीगच्या उद्दिष्टांमध्येच होतं. आधी माहिती, मग मदत.

मग कामं उभी राहिली. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रशाळा. वाचनालयापर्यंत येऊ न शकणाऱ्यांसाठी फिरती ग्रंथालयं, म्हणजे पुस्तकांच्या पेट्याच वस्तीत न्यायच्या. मोफत दवाखाने. सावकाराला पर्याय म्हणून सहकारी पतसंस्था. कायद्याचा सल्ला. खेळ आणि सहली.

परळचं दामोदर नाट्यगृह अनेकांना आठवत असेल. १९२२ मध्ये उभं राहिलेलं, कामगार रंगभूमीचं माहेरघर असलेलं आणि अलीकडे पुनर्विकासाच्या वादामुळे बातम्यांत आलेलं हे नाट्यगृह याच सोशल सर्व्हिस लीगचं.

चांगलं मन कुठे कमी पडतं?

एवढी कामं चालवायची तर माणसं हवीत. ती मिळतही होती. कॉलेजातले विद्यार्थी, शिक्षक, वकील, सुखवस्तू घरातल्या स्त्रिया वेळ द्यायला तयार होत्या. पण वेळ देणं एक आणि काम येणं वेगळं.

पतसंस्थेचंच उदाहरण घ्या. कर्जात बुडालेल्या कामगाराला दया म्हणून दहा रुपये देणं सोपं असतं. पण त्याच्यावर नेमकं कुणाचं किती कर्ज आहे, व्याज कसं लावलंय, त्याच्या पगारातून किती हप्ता झेपेल, जामीन कोण राहील आणि तो पुन्हा सावकाराच्या दारात जाऊ नये म्हणून काय करायचं, हे शोधायचं तर हिशोब आणि कायदा माहीत असावा लागतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे समोरच्याचा अपमान न करता त्याच्या घरातली गोष्ट विचारता यावी लागते. हे उपजत येत नाही.

लीगने यावर उपाय काढला. १९२० च्या सुमारास तिने समाजसेवा करू इच्छिणाऱ्या स्वयंसेवकांसाठी काही आठवड्यांचा प्रशिक्षण वर्ग चालवला. भारतात समाजकार्याच्या शिक्षणाचा इतिहास सांगताना बहुतेक पाठ्यपुस्तकं सुरुवात याच वर्गापासून करतात. वर्ग छोटा होता, त्यातून कुणाला नोकरी मिळणार नव्हती, पण समाजसेवा वर्गात बसून शिकायची असते हे त्याने मान्य करून टाकलं.

रात्रशाळेतून कायदेमंडळात

इथून जोशींच्या आयुष्याला मोठं वळण मिळतं.

रात्रशाळा कितीही चांगली असली, तरी बारा तास मशीनवर उभा राहिलेला माणूस तिथे किती शिकणार? दवाखाना मोफत असला, तरी मशीनमध्ये हात गेलेल्या कामगाराला भरपाई कोण देणार? पतसंस्था स्वस्तात कर्ज देईल, पण पगारच वेळेवर मिळत नसेल तर? दुखणं वस्तीत दिसत होतं, पण त्याची मुळं गिरणीत आणि कायद्यात होती.

१९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. आजच्या आयएलओची ती पहिली परिषद. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जोशी तिथे गेले. पण त्यांची निवड केली होती सरकारने. मग कामगारांच्या वतीने बोलायचा हक्क नेमका कुणाचा, हा प्रश्न उभा राहिला. त्यातून पुढच्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस, म्हणजे आयटक, स्थापन झाली. लाला लजपतराय पहिले अध्यक्ष. स्थापनेच्या धडपडीत जोशी पुढे होते आणि १९२५ पासून ते सरचिटणीस झाले.

१९२१ मध्ये ते मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे सरकारनियुक्त प्रतिनिधी म्हणून गेले आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यापर्यंत तिथे राहिले. गेल्या गेल्या त्यांनी एक ठराव मांडला. त्याला मद्रासची पार्श्वभूमी होती. तिथल्या बकिंगहॅम मिलच्या प्रकरणात कामगारांना संघटित केलं म्हणून बी. पी. वाडियांना कोर्टाने मनाई हुकूम बजावला होता. म्हणजे युनियन बांधणाऱ्यावर मालक खटला भरू शकत होता! युनियनची नोंदणी व्हावी आणि तिला कायद्याचं संरक्षण मिळावं, अशी मागणी जोशींनी केली. पाच वर्षांनी, १९२६ मध्ये ट्रेड युनियन कायदा झाला.

त्याच्या आगेमागे बरंच काही बदललं. १९२२ मध्ये फॅक्टरीतल्या कामाला आठवड्याला ६० तासांची मर्यादा आली, १९३४ मध्ये ती बारमाही कारखान्यांसाठी ५४ वर आली. १९२३ मध्ये अपघात झालेल्या कामगाराला भरपाईचा कायदा झाला. १९३६ मध्ये वेळेवर पगाराचा कायदा झाला. हे सगळं एकट्या जोशींनी केलं असं म्हणणं चूक ठरेल. संप करणारे लाखो कामगार, इतर पुढारी, आंतरराष्ट्रीय करार या सगळ्यांचा त्यात वाटा होता. पण सभागृहात आकडे आणि कलमं घेऊन, नेटाने, वर्षानुवर्षं बोलणारा माणूस म्हणजे जोशी. १९२९ मध्ये नेमलेल्या कामगारविषयक रॉयल कमिशनवरही ते सदस्य होते.

दोन्ही बाजूंनी टीका

असा माणूस सगळ्यांचा लाडका असेल असं वाटतं. तसं नव्हतं.

लीगच्या काही कामांना गिरणीमालकांचं पाठबळ होतं. करीमभाई इब्राहीम यांच्या गिरण्यांसाठी चालणारी कामगार संस्था लीग सांभाळायची. मालकाच्या पैशावर चालणारी संस्था कामगारांची बाजू कुठवर घेणार, हा प्रश्न रास्त होता आणि डाव्या कार्यकर्त्यांनी तो विचारला. जोशी सरकारनियुक्त सदस्य होते, यावरही बोट ठेवलं गेलं. दुसरीकडे, समाजसेवा सोडून युनियनच्या भानगडीत कशाला पडता, असं मानणारा वर्गही होताच.

१९२८ साली मुंबईत गिरणी कामगारांचा प्रचंड संप झाला. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते. या संपाच्या संयुक्त समितीत जोशींची युनियन आणि डांगेंसारख्या कम्युनिस्टांची गिरणी कामगार युनियन एकत्र बसली. पण वर्षभरातच वाटा फुटल्या. १९२९ च्या अखेरीस नागपूरला जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली आयटकचं अधिवेशन भरलं. रॉयल कमिशनवर बहिष्कार घालावा का, यासारख्या प्रश्नांवरून संघटना दुभंगली. जोशी आणि त्यांचे मवाळ सहकारी बाहेर पडले.

पुढची दहा वर्षं तुकडे जोडण्यात गेली. १९४० मध्ये एकी झाली, तेव्हा पुन्हा सरचिटणीस झाले ते जोशीच. १९४८ पर्यंत ते पद त्यांच्याकडे राहिलं. ज्यांच्याशी जाहीर मतभेद झाले, त्या माणसांनाही त्यांच्यावर विश्वास टाकता आला. कुणाशी वैयक्तिक भांडण करायचं नाही, ही गोखल्यांच्या संस्थेतली शपथ वाचायला साधी वाटते. ती किती उपयोगी असते, ते इथे कळतं.

३० मे १९५५ रोजी ना. म. जोशी गेले.

काही आठवड्यांच्या वर्गापासून विद्यापीठापर्यंत

जोशी कायदेमंडळात होते, त्याच काळात मुंबईत समाजसेवेच्या शिक्षणाने पुढचं पाऊल टाकलं. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट नागपाड्याच्या वस्तीत नेबरहूड हाऊस चालवत होते. वस्तीत काम करायला काही आठवड्यांचं प्रशिक्षण पुरत नाही, हा त्यांचाही अनुभव होता. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. भारतातलं समाजकार्याचं हे पहिलं पदव्युत्तर शिक्षण. १९४४ मध्ये त्याचं नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणजे टिस, झालं आणि १९६४ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पुढे मुंबईत निर्मला निकेतन, नागपुरात मातृ सेवा संघाची संस्था, पुण्यात कर्वे इन्स्टिट्यूट अशी यादी वाढत गेली.

कायद्यानेही या शिक्षणाला काम दिलं. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात एक तरतूद आली. पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमलाच पाहिजे. लीगचे स्वयंसेवक जे काम फुकट करत होते, त्यातलं काही आता पगारी पद झालं होतं.

आज समाजसेवक व्हायचं असेल तर?

रस्ता साधारण असा आहे. बारावीनंतर समाजकार्याची पदवी, म्हणजे बीएसडब्ल्यू. कुठल्याही शाखेची पदवी असेल तर दोन वर्षांचं एमएसडब्ल्यू. एमएसडब्ल्यूसाठी आधी बीएसडब्ल्यूच केलेलं असावं अशी अट सहसा नसते. बी. कॉम. किंवा बी. एस्सी. झालेली मुलंही याकडे वळतात. पुढे बालकल्याण, रुग्णालयातलं समाजकार्य, मानसिक आरोग्य, ग्रामीण विकास, कामगार कल्याण अशी विशेष क्षेत्रं निवडता येतात.

या शिक्षणाचा कणा म्हणजे फिल्डवर्क. आठवड्यातले साधारण दोन दिवस विद्यार्थी वस्तीत, दवाखान्यात, शाळेत किंवा एखाद्या संस्थेत काम करतात. काय पाहिलं, काय केलं, कुठे अडलं याचा अहवाल लिहितात आणि शिक्षकांसमोर बसून त्यावर चर्चा करतात. कॉलेज निवडताना इमारतीपेक्षा हे तपासा. फिल्डवर्क खरंच होतं की कागदावर उरकतं? अहवाल कुणी वाचतं का? शिकलेली मुलं पुढे कुठे काम करतात? या तीन प्रश्नांची उत्तरं तिथल्याच विद्यार्थ्यांकडून मिळतील.

आता तो साखरखेर्ड्याच्या मुलीला विचारला गेलेला प्रश्न. डिग्रीशिवाय समाजसेवा होत नाही का? होते की. बुलढाणा जिल्हा ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो, त्या अमरावती विद्यापीठाला संत गाडगेबाबांचं नाव आहे. गाडगेबाबा जोशींचेच समकालीन. शाळा न शिकलेला हा माणूस हातात खराटा घेऊन गावोगाव फिरला आणि त्याने धर्मशाळा उभ्या केल्या. म्हणजे या भागातून समाजकार्याची पदवी घेणाऱ्याच्या प्रमाणपत्रावर अशा माणसाचं नाव असेल, ज्याच्याकडे स्वतःची कुठलीच पदवी नव्हती.

पण गाडगेबाबांना प्रशिक्षण नव्हतं असं म्हणता येईल का? वर्षानुवर्षं पायी फिरून, लोकांच्या ओसरीवर बसून, त्यांच्यासाठी राबून त्यांनी माणसं वाचली होती. गोखल्यांच्या उमेदवारांना दोन वर्षं देश फिरायला लावायचे ते यासाठीच. गाडगेबाबांची शाळा रस्त्यावर होती, जोशींची पुण्याच्या ग्रंथालयात आणि परळच्या चाळीत. न शिकता दोघांपैकी कुणीच काम केलं नाही.

फरक एवढाच की गाडगेबाबा गावोगाव तयार होत नाहीत. बालविवाह थांबवायला, व्यसनात अडकलेल्या घराला सावरायला, कर्जबाजारी शेतकऱ्याच्या पत्नीला तिच्या हक्काची मदत मिळवून द्यायला मात्र गावोगाव माणसं लागतात. त्यांना कायदा माहीत असावा लागतो, अर्ज लिहिता यावा लागतो, आणि रडणाऱ्या माणसासमोर गप्प बसता यावं लागतं.

घरच्यांनी पुन्हा विचारलं, सेवेला डिग्री कशाला, तर त्या मुलीने एवढंच सांगावं. सेवा करायला मन पुरतं. पण आपल्या चुकीची किंमत समोरच्या गरीब माणसाला मोजायला लागू नये, यासाठी शिकावं लागतं.